ॲल्व्हे: मुलाचं आणि मुलीचंही आयरिश नाव – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयरिश नावांच्या याद्यांमध्ये 'मुलगा-मुलगी दोघांना चालणारी' म्हणून जी नावं दिसतात, त्यातली बरीच मुळात आडनावं आहेत. ॲल्व्हे तसं नाही. हे पहिल्यापासून व्यक्तिनाम आहे, आणि जुन्या आयरिश वाङ्मयात ते पुरुषालाही आहे, स्त्रीलाही आहे, इतकंच काय, एका नामांकित कुत्र्यालाही आहे. रोमन लिपीत त्याची सहा अक्षरं: ए, आय, एल, बी, एच, ई. हे स्पेलिंग पहिल्यांदा पाहणारा मराठी माणूस हमखास अडखळतो, म्हणून सुरुवात उच्चारापासून.

उच्चार नेमका कसा करायचा?

आयर्लंडमध्ये इंग्रजी बोलता बोलता हे नाव येतं तेव्हा ते साधारण 'ॲल्व्हे' किंवा 'ॲल्व्हा' असं ऐकू येतं. आयरिश भाषेत बोलताना त्याची तीन अक्षरं होतात: 'ॲ-लि-व्हे'. मधला 'लि' अगदी ओझरता, शेवटचा स्वर आखूड. जोर पहिल्या अक्षरावर. दोन्ही उच्चार बरोबर आहेत. समोरची व्यक्ती स्वतःचं नाव जसं उच्चारते तसं उच्चारावं.

चुकीचे उच्चार मात्र ठरलेले आहेत: 'ऐल्भे', 'एलबी', 'आयलभ'. आणि फोनवर ऐकणारा पुष्कळदा 'ऑलिव्ह' लिहून घेतो. फोनवर नाव सांगायचं असेल तर आधी अक्षरं सांगावीत, मग उच्चार.

'बी' आणि 'एच' एकत्र असताना 'भ' का होत नाही?

कारण इथला 'एच' आपल्या 'एच'हून वेगळं काम करतो. आपण रोमन लिपीत मराठी लिहिताना 'एच' महाप्राणासाठी वापरतो: ब चा भ, द चा ध, ग चा घ. आयरिश लेखनात 'एच' सांगतो की आधीचं व्यंजन मऊ झालं आहे. या मऊ होण्याला आयरिशमध्ये 'शेव्हू' म्हणतात. 'ब' मऊ झाला की 'व्ह', 'म' मऊ झाला तरी 'व्ह' किंवा 'व'. म्हणून 'नीव्ह' या नावाच्या स्पेलिंगच्या शेवटी 'एमएच' असतं आणि 'साइव्ह'च्या शेवटी 'बीएच'.

हे परकं वाटलं तरी मराठीच्या अंगात असंच एक वळण आहे. संस्कृत 'दीप'चा प्राकृतातून येताना 'दिवा' झाला, 'ताप'चा 'ताव' झाला. ओठांनी पूर्ण अडवला जाणारा 'प' दोन स्वरांच्या मध्ये सैल पडत 'व' झाला. जुन्या आयरिशमध्ये स्वरांच्या मध्ये आणि ल, र यांच्या शेजारी सापडलेल्या 'ब'चं तेच झालं. फरक एवढाच, की आपण लेखन बदलून 'व' लिहायला लागलो आणि आयरिश लोकांनी मूळचा 'ब' ठेवून त्याला खूण जोडली.

मग 'ए'नंतरचा 'आय' का उच्चारत नाहीत?

तो स्वर नाहीच, ती पुढच्या 'ल'साठी खूण आहे. आयरिशमध्ये प्रत्येक व्यंजनाची दोन रूपं असतात, 'रुंद' आणि 'बारीक'. ए, ओ, यू हे रुंद स्वर. ई आणि आय हे बारीक. व्यंजनाच्या दोन्ही बाजूंना एकाच जातीचे स्वर लिहायचे, असा नियम शाळेत पहिल्या इयत्तांपासून घोटून घेतात: बारीकाशी बारीक, रुंदाशी रुंद. ॲल्व्हेमधले 'ल' आणि 'व्ह' दोन्ही बारीक आहेत. म्हणून त्यांच्या अलीकडे 'आय' आणि पलीकडे 'ई'. 'ल' म्हणताना जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला, किंचित 'ल्य'सारखा, की उच्चार खऱ्याच्या जवळ जातो.

'ल' आणि 'व्ह' यांच्या मध्ये न लिहिलेला स्वर कुठून येतो?

याचं नाव मराठी वाचकाला ओळखीचं वाटेल: स्वरभक्ती. संस्कृतच्या प्रातिशाख्यांमधली ही संज्ञा युरोपातल्या भाषाशास्त्रज्ञांनी जशीच्या तशी उचलली, आणि आयरिश व स्कॉटिश गेलिकच्या वर्णनांत ती आजही वापरली जाते. आखूड स्वरानंतर ल, र किंवा न आला आणि त्याला ब, व्ह, ग, म यांसारखं व्यंजन चिकटलं, की मध्ये एक हलका स्वर शिरतो. निळ्या रंगासाठी लिहितात 'गोर्म', बोलतात 'गोरम'. कबुतर लिहितात 'कोल्म', बोलतात 'कोलम'.

आपल्याकडे 'धर्म'चा 'धरम', 'वर्ष'चं 'वरीस' आणि अभंगांतलं 'दरुशन' याच वाटेने आलं. मराठी माणूस 'फिल्म'ला 'फिलिम' म्हणतो आणि आयर्लंडमध्ये इंग्रजी बोलणारा माणूसही 'फिलम' म्हणतो. त्यामुळे 'ॲलिव्हे' म्हणायला मराठी जिभेला त्रास पडू नये. उलट 'ल्व्ह' हे जोडाक्षर आवळून म्हणायला जास्त कष्ट पडतात.

देवनागरीत कसं लिहावं?

आमची शिफारस 'ॲल्व्हे'. कारणं अशी.

'ऐल्भे' हे अक्षराला अक्षर ठेवून केलेलं लेखन आहे, त्यातून उच्चार चुकतो. 'ॲलव्ह' असं लिहिलं तर मराठीच्या सवयीप्रमाणे शेवटचा 'अ' गळून जातो आणि नाव व्यंजनावर तुटतं; मूळ नावाला शेवटी स्वर आहे आणि तो ऐकू यायला हवा. 'ॲल्व्हा' चालतं, पण तो 'आ' मराठीत लांबतो, आणि 'एल्वा', 'अल्वा' अशा दुसऱ्या नावांशी गल्लत होते. 'ॲलिव्हे' हे आयरिश बोलीच्या सर्वांत जवळचं. नाव धारण करणारी व्यक्ती आयरिश भाषेत वावरणारी असेल तर तेच लिहावं.

एक निवडलं की कागदोपत्री सगळीकडे तेच ठेवावं. नंतर त्रास लेखनभेदांचा होतो, उच्चारभेदाचा होत नाही.

नावाचा अर्थ काय?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि इंटरनेटवर सर्वांत जास्त गोंधळही याच उत्तरांचा आहे.

'ॲल्बे' हे या नावाचं जुनं आयरिश रूप. एका प्राचीन केल्टिक धातूकडे त्याचं मूळ नेता येतं. या धातूचा अर्थ 'पांढरा, उजळ' असा धरला जातो, आणि त्याच्याच कुटुंबात ब्रिटनचं जुनं नाव 'अल्बियन', स्कॉटलंडचं गेलिक नाव 'आल्बा' आणि 'जग' या अर्थाचा जुना वेल्श शब्द 'एल्व्हिद' हे बसतात. लॅटिनमधला 'अल्बुस', म्हणजे पांढरा, लांबचा नातेवाईक. ही व्युत्पत्ती पटण्यासारखी आहे, सिद्ध झालेली नाही. म्हणून 'बहुधा पांढरा किंवा उजळ' एवढंच म्हणणं प्रामाणिक ठरतं.

बारशाच्या पत्रिकेत एका शब्दात अर्थ छापायचा असेल तर 'उजळ' वापरावा. 'शुभ्र' हेही चालेल. पण नावाचं खरं वजन त्याच्या शब्दकोशातल्या अर्थात नाही, ते ज्यांनी ज्यांनी धारण केलं त्यांच्या गोष्टींमध्ये आहे. त्या पुढे येतील.

काही ठिकाणी 'उमदा आणि तेजस्वी' असा अर्थ दिलेला असतो. तो बरोबर आहे का?

नाही. हा अर्थ बहुधा 'अल्बर्ट'कडून आला आहे. आयरिश नावांना इंग्रजी रूपं देण्याची पद्धत होती त्या काळात पुरुष ॲल्व्हेला कागदावर 'अल्बर्ट' लिहीत, केवळ आवाज जुळतो म्हणून. अल्बर्ट हे जर्मानिक नाव आहे, 'उमदा' आणि 'तेजस्वी' अशा दोन शब्दांचं. दोन्ही नावांचं मूळ पूर्ण वेगळं आहे.

आणि 'खडकाखाली जिवंत'?

हा अर्थ जुना आहे, पण ती लोकव्युत्पत्ती आहे. आयरिशमध्ये 'अल्य' म्हणजे खडक आणि 'ब्यो' म्हणजे जिवंत. संत ॲल्व्हेच्या चरित्रात सांगितलं आहे की त्या तान्ह्या बाळाला खडकाआड टाकून दिलं होतं, ते तिथे जिवंत सापडलं, म्हणून त्याचं हे नाव पडलं. मुंबईचं नाव पोर्तुगिजांच्या 'चांगल्या उपसागरा'वरून पडलं असं जसं सांगतात, तशातलाच हा प्रकार. आवाज जुळले की गोष्ट तयार होते. व्युत्पत्ती म्हणून हे टिकत नाही, कथा म्हणून ते सांगायला काहीच हरकत नाही.

नाव मुळात पुरुषाचं की स्त्रीचं?

दोघांचं. कोणत्याही एका बाजूने सुरू होऊन दुसरीकडे गेलं असं म्हणायला आधार नाही. धर्माच्या परंपरेत ते पुरुषाचं, कारण तिथे एक मोठा संत या नावाचा आहे. कथांच्या परंपरेत राजाच्या मुलीचंही आहे. नावाचा शेवट 'ई' या अक्षराने होतो आणि आयरिशमध्ये असा शेवट दोन्ही लिंगांत सापडतो, त्यामुळे व्याकरणानेही वाट अडवली नाही.

आजच्या आयर्लंडमध्ये हे नाव मुलींचं जास्त आहे. मुलगे आहेत, पण थोडे. तिथलं केंद्रीय सांख्यिकी कार्यालय 1964 पासूनची बाळांची नावं मुलगे आणि मुली अशा वेगळ्या याद्यांत उपलब्ध करून देतं. एखाद्या वर्षी तीनपेक्षा कमी बाळांना दिलेलं नाव मात्र त्या यादीत दाखवत नाहीत. मुलग्यांच्या यादीत एखाद्या वर्षी नाव दिसलं नाही तर 'कोणीच ठेवलं नाही' असा निष्कर्ष काढू नये.

संत ॲल्व्हे कोण होते?

आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या मुन्स्टर प्रांतात, टिपरेरी परगण्यात एमली नावाचं गाव आहे. त्याचं आयरिश नाव 'इम्लाख यूर', त्यातला दुसरा शब्द 'यू' या सदाहरित झाडाचा. संत ॲल्व्हे हे तिथले बिशप आणि तिथल्या मठाचे संस्थापक मानले जातात. इतिवृत्तांमध्ये त्यांच्या मृत्यूची सालं एकसारखी नाहीत, पण ती सगळी सहाव्या शतकाच्या पूर्वार्धातली आहेत. सामान्यपणे 528 च्या सुमाराचा काळ सांगतात. मुन्स्टरमध्ये त्यांना, आयर्लंडचे प्रमुख संत पॅट्रिक यांच्या बरोबरीने, 'दुसरा पॅट्रिक' असा मान होता. लॅटिनमध्ये त्यांचं नाव 'अल्बेउस' असं लिहीत.

त्यांची सर्वांत लोकप्रिय कथा लांडगीची. दासीच्या पोटी जन्मलेल्या या बाळाला राजाच्या हुकमावरून मारून टाकायचं होतं. नोकरांना धीर झाला नाही, त्यांनी ते खडकाआड ठेवलं. एका लांडगीने त्याला आपल्या पिलांबरोबर दूध पाजून वाढवलं. पुढे बाळ बिशप झालं. एकदा शिकार चालली असताना म्हातारी लांडगी धापा टाकत त्यांच्याकडे आली आणि त्यांच्या छातीवर डोकं टेकून उभी राहिली. त्यांनी तिला अभय दिलं: मी लहान होतो तेव्हा तू मला पोसलंस, आता मी तुला राखीन. त्यानंतर ती आणि तिची पिलं रोज त्यांच्या पंगतीला येत, असं चरित्र सांगतं. लांडगा हा कळपांचा शत्रू मानला जाण्याच्या काळात कोणी ही गोष्ट जपून लिहून ठेवली, याचं मोल फार वाटतं.

त्यांच्या नावाचा दबदबा मृत्यूनंतरही शतकानुशतकं होता. मठवासीयांनी कसं राहावं, काय खावं, किती बोलावं हे सांगणारी 'ॲल्व्हेची नियमावली' जुन्या आयरिश पद्यात आहे, आणि अल्स्टरच्या इतिवृत्तात 793 साली मुन्स्टरवर 'ॲल्व्हेचा कायदा' लागू झाल्याची नोंद सापडते. कॅशेल आणि एमली या कॅथलिक महाधर्मप्रांताचे ते आश्रयदाते संत आहेत.

नामदिन कधी असतो?

नामदिन म्हणजे त्या नावाच्या संताचा सण. ॲल्व्हेचा 12 सप्टेंबर. मुलगा असो वा मुलगी, हाच दिवस.

राजकन्येची गोष्ट काय आहे?

दंतकथेतला ताराचा राजा कॉर्मॅक मॅक आर्त याची एक मुलगी ॲल्बे. तिचं विशेषण 'ग्रुअद्ब्रेक', म्हणजे गालांवर ठिपके असलेली. हे तारा म्हणजे आयर्लंडमधल्या मीथ परगण्यातली टेकडी. आपल्या तारेशी तिचा संबंध नाही. 'ॲल्बेची मागणी' या जुन्या आयरिश कथेत योद्धा फिन तिला मागणी घालायला येतो आणि कोडी घालतो. ती एकेक उत्तर देत जाते, आणि त्या हजरजबाबीपणावर फिन तिला वरतो. पुढच्या काळातल्या कथनांमध्ये हीच कोडी तिची बहीण ग्रॉन्या हिच्या तोंडी गेलेली दिसतात.

या कोड्यांची ठेवण मराठी वाचकाला चटकन ओळखू येईल. गवतापेक्षा जास्त काय? दंव. वाऱ्यापेक्षा वेगवान काय? मन. महाभारतात यक्ष युधिष्ठिराला हेच दोन प्रश्न विचारतो: वाऱ्याहून शीघ्र काय, आणि गवताहून जास्त काय. पहिल्याचं उत्तर तिथेही मन. दुसऱ्याचं उत्तर मात्र युधिष्ठिर 'चिंता' असं देतो. त्याचे भाऊ समोर निपचित पडलेले आहेत आणि इकडे एक मुलगी लग्नाच्या बोलण्याला बसली आहे. उत्तरांतला फरक तिथून येतो. मुलीसाठी हे नाव निवडणाऱ्यांनी ही कथा जरूर वाचावी. ती देखण्या राजकन्येची नाही, हुशार राजकन्येची आहे.

हे नाव कुत्र्याचं होतं हे खरं का? मग ते माणसाला द्यावं का?

खरं आहे, आणि द्यावं. 'मॅक दाथोच्या डुकराची गोष्ट' या साधारण 800 च्या सुमाराच्या कथेत लेन्स्टर प्रांताच्या राजाकडे ॲल्बे नावाचा शिकारी कुत्रा आहे. तो एकटा सगळ्या लेन्स्टरची राखण करतो, म्हणून त्याची कीर्ती देशभर. कॉनॉट आणि अल्स्टर या दोन्ही प्रांतांचे राजे त्याला मागतात. राजा दोघांनाही शब्द देऊन बसतो, दोघांना एकाच दिवशी मेजवानीला बोलावतो, आणि भाजलेलं डुक्कर कोणी कापायचं यावरून लढाई जुंपते. कुत्रा अल्स्टरची बाजू घेतो, कॉनॉटच्या राजाराणीच्या रथाच्या दांडीला दात रोवतो, सारथी त्याचं मुंडकं उडवतो तरी ते दांडीला लटकून राहतं. हे ज्या मैदानात घडलं त्याला 'मॅग ॲल्बे', ॲल्बेचं मैदान, असं नाव पडलं असं कथा सांगते. ते आजच्या किल्डेअर आणि कार्लो परगण्यांच्या भागात होतं.

जुन्या आयर्लंडमध्ये शिकारी कुत्रा हे शौर्याचं आणि निष्ठेचं प्रतीक होतं. तिथला सर्वांत मोठा वीर कू-खुलिन, त्याच्या नावाचा अर्थच 'कुलानचा कुत्रा'. 'कुत्रा' ही मराठीतली शिवी तिकडे नेऊन या नावाला कमीपणा देऊ नये.

एल्विस प्रेस्लीचं नाव यावरूनच आलं म्हणतात?

यात एक भाग खरा आणि दुसरा नुसता अंदाज. खरा भाग: वेल्समध्ये पेंब्रोकशर परगण्यात सॉल्वा गावाजवळ 'सेंट एल्विस' नावाचं जुनं पॅरिश, म्हणजे चर्चचा स्थानिक विभाग, आहे, आणि तिथला हा संत एल्विस म्हणजे एमलीचे ॲल्व्हे असं परंपरा मानते. वेल्सचा संत डेव्हिड याचा बाप्तिस्मा मुन्स्टरच्या याच बिशपने केला, असं अकराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या डेव्हिडच्या चरित्रात आहे. अंदाजाचा भाग: गायकाचं नाव तिथून आलं हे. त्याच्या वडिलांचं नाव व्हर्नन एल्विस प्रेस्ली, म्हणजे नाव घरातूनच आलेलं. त्याआधीची साखळी वेल्सपर्यंत कोणी जोडून दाखवलेली नाही.

इंग्रजी रूपं कोणती?

पुरुषांसाठी अल्बर्ट, आल्बी, आल्फ. स्त्रियांसाठी मुख्यतः एल्वा. पूर्वजांचा शोध घेत असाल तर जुन्या इंग्रजी नोंदींत ही चारही रूपं तपासावी लागतात, कारण एकच माणूस इंग्रजी कागदावर एका नावाने आणि आयरिश कागदावर दुसऱ्या नावाने सापडतो. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या 1916 च्या उठावात गॉलवे भागात तिथले नेते लिअम मेलोज यांच्याबरोबर असलेले बेलफास्टचे आल्फ मोनाहन आयरिशमध्ये 'ॲल्व्हे ओ मॉनॅखान' आहेत. 1893 साली आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी 'गेलिक लीग' ही संस्था स्थापन झाल्यानंतर नावं पुन्हा आयरिश करण्याची चळवळ वाढली. त्या पिढीत असे दुहेरी नावांचे लोक पुष्कळ.

नुसत्या नावावरून ती व्यक्ती स्त्री की पुरुष, हे कळत नाही. मग ओळखायचं कसं?

आडनाव आयरिश रूपात असेल तर तेच सांगतं. पुरुषाच्या आडनावाआधी 'ओ' किंवा 'मॅक' येतं. अविवाहित किंवा माहेरचं आडनाव लावणाऱ्या स्त्रीच्या आडनावाआधी 'नी' किंवा 'निक'. नवऱ्याचं आडनाव घेतलं असेल तर 'ई' किंवा 'विक'. 'ओ' म्हणजे नातू, वंशज. 'मॅक' म्हणजे मुलगा. 'नी' हे 'वंशजाची मुलगी' याचं आखडलेलं रूप. म्हणून 'ॲल्व्हे ओ मॉनॅखान' पुरुष, आणि 1984 साली केरी परगण्यात ट्रली इथे जन्मलेल्या आयरिश भाषेतल्या कवयित्री 'ॲल्व्हे नी यारव्ही' या स्त्री, हे आडनावाच्या पहिल्याच शब्दावरून कळतं.

आडनाव इंग्रजी रूपात असेल तर ही सोय जाते. 2018 च्या गर्भपाताविषयीच्या सार्वमतातल्या 'टुगेदर फॉर येस' मोहिमेच्या एक सहसंचालक ॲल्व्हे स्मिथ. इथे आडनाव काहीच सांगत नाही, माहिती असावी लागते.

आपल्याकडे 'माणिक' हे नाव असंच दोन्हीकडे चालतं. माणिकराव म्हटलं की पुरुष, माणिकताई म्हटलं की स्त्री. किरण, शशी यांचंही तेच. मराठी आडनाव मात्र लिंग सांगत नाही आणि पूर्वजही सांगत नाही, 'कर' असेल तर गाव सांगतं. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचं आडनाव मालवण तालुक्यातल्या वराडचं. त्याच्या शेजारी 'ओ मॉनॅखान' ठेवलं की दोन पद्धतींतला फरक स्पष्ट दिसतो.

मराठीत लिहिताना क्रियापद कोणतं वापरावं?

माहीत असेल तर सरळ आला किंवा आली. माहीत नसेल आणि विचारता येत नसेल, तर मराठीतच वाटा आहेत. आदरार्थी अनेकवचन पुरत नाही, कारण 'आले' आणि 'आल्या' तिथेही वेगळे होतात. भूतकाळात 'ने'चा प्रयोग करा: 'ॲल्व्हे यांनी पत्र पाठवलं.' इथे क्रियापद पत्राशी जुळतं, व्यक्तीशी नाही. भविष्यकाळ निर्धोक आहे: 'ॲल्व्हे सोमवारी येतील.' विशेषणं टाळा, 'नवे सहकारी' ऐवजी 'आमच्याकडे रुजू होणाऱ्या व्यक्तीचं नाव ॲल्व्हे' असं लिहा. 'अहो' चालतं, 'अरे' आणि 'अगं' नीट ओळख होईपर्यंत नको. वर्तमानकाळात 'येतात' हे दोघांनाही चालतं.

हाक मारताना किंवा मालकी दाखवताना नावाचं रूप बदलतं का?

आयरिशमध्ये बरीच नावं हाक मारताना बदलतात. 'शेमस'ला हाक मारताना 'अ हेमिश' होतं, आणि 'हेमिश' हे स्कॉटिश नाव अशाच हाकेतून जन्मलं. ॲल्व्हे स्वराने सुरू होतं, त्यामुळे ते तसंच राहतं, आणि हाकेचा 'अ' बोलताना नावातच विरून जातो. षष्ठीतही बदल नाही. शिकणाऱ्यांना हे नाव सोपं जातं ते यामुळे.

रायली, क्विन, केसी, शॅनन हीसुद्धा दोघांना चालतात. त्यांच्यात आणि यात फरक काय?

रायली, क्विन, केसी, केली ही आयरिश आडनावांची इंग्रजी रूपं. क्विन म्हणजे 'ओ क्विन', 'कॉनचा वंशज'. पहिलं नाव म्हणून ती अमेरिकेत रुजली, आणि आडनावाला लिंग नसल्यामुळे दोघांना चालली. शॅनन ही नदी आहे. ही नावं वाईट नाहीत, पण 'जुनं आयरिश नाव' म्हणून ती ठेवली तर आयर्लंडमध्ये लोक दुरुस्ती करतील. ॲल्व्हेसारखं जुन्या काळात दोघांचंही असलेलं दुसरं नाव म्हणजे 'फ्लॅन', अर्थ रक्तासारखा लाल.

कागदपत्रांत काय अडचणी येतात?

या नावात आयरिश तिरका आघात, म्हणजे स्वरावर द्यायची तिरकी रेघ, कुठेच नाही. 'शिनेड', 'शॉन' अशा नावांतला तो आघात संगणकात गळतो आणि मग दोन कागद जुळत नाहीत. ॲल्व्हेला ती कटकट नाही. अडचण येते ती 'एच' गळण्याची. कारकून ऐकून लिहितो तेव्हा 'एच'शिवाय पाच अक्षरं पडतात, आणि तेही जुनं आयरिश लेखन असल्यामुळे कोणाला चूक वाटत नाही. फॉर्म हातात आला की सहा अक्षरं मोजावीत.

आयर्लंडमध्ये जन्माची नोंद तीन महिन्यांच्या आत करायची असते. भारतात जन्माची नोंद 21 दिवसांत, आणि नाव तेव्हा ठरलं नसेल तर ते 12 महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय आणि 15 वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. महाराष्ट्रातल्या पद्धतीत मधलं नाव वडिलांचं, त्यामुळे पूर्ण नावातूनही लिंग कळत नाही. ते कळावं असं वाटत असेल तर जन्मनोंदीतच दुसरं, स्पष्ट नाव जोडावं. नंतर जोडणं फार जिकिरीचं होतं.

जुन्या आयरिश लिपीत नाव कोरून घ्यायचं आहे. काय सांभाळावं?

जुन्या गेलिक छपाईत मऊ व्यंजनावर टिंब देत, 'एच' लिहीत नसत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर रोमन छपाई रुळली आणि टिंबाची जागा 'एच'ने घेतली. म्हणून एक तर 'बी'वर टिंब, नाहीतर 'बी'नंतर 'एच'. दोन्ही एकदम दिले की ती चूक आहे, आणि लॉकेटांवर ती नेहमी दिसते.

आणि ओघममध्ये?

ओघम ही दगडाच्या कडेवर कोरायची रेघांची लिपी. उभ्या कडेवर ती खालून वर वाचतात. इथे 'एच' सोडून द्यावा आणि जुनं पाच अक्षरी रूप कोरावं, कारण ओघममधल्या 'एच'चा मऊपणाच्या खुणेशी संबंध नाही. खालून वर क्रम असा: 'ए'साठी कडेवर आरपार 1 खाच, 'आय'साठी आरपार 5, 'एल'साठी उजवीकडे 2 रेघा, 'बी'साठी उजवीकडे 1, आणि 'ई'साठी आरपार 4. एकूण 13. आडवं कोरायचं असेल तर डावीकडून उजवीकडे, आणि 'एल', 'बी'च्या रेघा रेषेच्या खाली.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कारागिराने नमुना उलटा धरणं. 180 अंशांत फिरवला की क्रम उलटतो आणि उजवीकडच्या रेघा डावीकडे जातात. मग 'बी'चा 'एच' होतो, 'एल'चा 'डी' होतो, आणि तुमच्या दगडावर ई, एच, डी, आय, ए असं अर्थहीन काहीतरी कोरलं जातं. नमुन्याच्या कागदावर नाव जिथे सुरू होतं त्या टोकाला बाणाच्या पिसासारखी दुभंगलेली खूण काढून द्यावी. हस्तलिखितांतल्या ओघममध्ये सुरुवात दाखवायला तीच वापरत.